डाव्या पायाखालच्या मुंग्या

आमच्या घरात गाडीतलं सगळ्यांना कळतं. थोरले दीर भरमूभावजी, त्यांना सर्वांत जास्त, कारण त्यांनी तरुणपणी ट्रॅक्टर चालवलाय. माझा नवरा आदर्श, त्याला कळतं कारण जेवताना तो मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो. सासूबाईंना कळतं, कारण या घरात त्यांना न कळणारी गोष्ट अजून तयार व्हायची आहे. नाही कळत ते फक्त मला, असं ठरलेलं आहे. मी केमिस्ट्रीची बीएस्सी, आणि आता अडीच वर्षांच्या स्वरूपची आई. या दोन्ही गोष्टींचा गाडीशी संबंध नाही, असंही ठरलेलं आहे.

गाडी दसऱ्याला कडोलीत आली तेव्हा तिच्यात काही दोष नव्हता. पहिली खोडी तिनं पौषात केली. मी माहेरी निपाणीला निघाले होते, आदर्श चालवत होता. संकेश्वरच्या पुढं कोरड्या ठणठणीत हवेत वायपर आपोआप सुरू झाला. कर्रर्र करत काच खरवडायला लागला आणि बंदच होईना.

"सेन्सर," आदर्श म्हणाला.

"आपल्या गाडीला वायपरचा सेन्सर आहे?"

"नसला तरी असं होतं," तो म्हणाला.

दोन दिवसांनी वायपर आपसूक शहाणा झाला, म्हणून विषय संपला. आमच्याकडे विषय असेच संपतात.

पुढच्या महिन्यात मात्र तसा संपला नाही. स्वरूपचं लसीकरण होतं, म्हणून बेळगावला गेलो. दवाखान्यासमोर गाडी उभी केली. आदर्श पान खायला उतरला, किल्ली आत तशीच. मी मागच्या सीटवरनं उतरून डिकीतली पिशवी काढली. डिकी बंद केली आणि खट्कन आवाज आला. चारही दारांचे खटके एकदम खाली. स्वरूप आत, त्याच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेला. काचा वर. माघातलं असलं तरी दुपारचं ऊन.

तो आधी हसला, कारण त्याला वाटलं मी काचेवर थापट्या मारून खेळतेय. मग त्यानं हात पुढं केले. मग रडायला लागला, आणि मला त्याचा आवाज ऐकू येत नव्हता, नुसतं तोंड दिसत होतं. आदर्श धावत आला. हँडल ओढलं, परत ओढलं, जसं काही माझ्या ओढण्यात कमी पडलं होतं. माणसं जमली. एकजण म्हणाला काचेच्या फटीतनं पट्टी घाला, एकजण म्हणाला कंपनीला फोन करा. तेवढ्यात परत खट् झालं आणि दारं उघडली. स्वतःहून.

स्वरूपची मान घामानं चिंब झाली होती. मी त्याला उचललं आणि तिथंच फुटपाथवर बसले.

"उघडली की!" आदर्श म्हणाला. घरी येऊनही त्यानं हेच सांगितलं. भरमूभावजींनी त्याच्या मागोमाग तेच म्हटलं, सासूबाईंनी तेच. उघडली की. तुम्ही सांगा, या वाक्याचं काय करायचं?

मला एवढंच दिसत होतं की ती परत बंद होणार. आणि त्या वेळी उघडणार की नाही, हे गाडीच्या मनावर आहे.

आदर्शनं गाडी शोरूमला नेली. तिथं एका पोरसवद्या साहेबानं कॉम्प्युटर जोडला आणि कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सांगितलं की दोष नाही. मग भावजींनी नागोजीला बोलावलं. नागोजी आमच्या पंचक्रोशीतला गाड्यांचा वायरमन. तोंडात तंबाखू, खिशात टेस्टर. तो टेस्टर त्यानं कधी कशाला लावलेला मी बघितला नाही. त्याची पद्धत सोपी आहे. गाडीकडे बघायचं, मान हलवायची आणि आपल्याजवळ जी वस्तू विकायला असेल ती खराब झाली म्हणून सांगायचं. त्या दिवशी त्याच्याजवळ बॅटरी होती.

"बॅटरी डाऊन मारतीया, अण्णा. करंट कमी पडला की लॉकाचं डोकं फिरतंय."

"मी म्हटलं न्हवतं?" भावजी आदर्शला म्हणाले. त्यांनी म्हटलं नव्हतं.

"बॅटरी जुनी झाली असेल तर गाडी सुरूच व्हायला त्रास देईल ना?" मी विचारलं. "ती तर एका झटक्यात सुरू होते."

नागोजी माझ्याकडे न बघता भावजींना म्हणाला, "वहिनींस्नी लई ठावं हाय."

"कॉलेजात गेल्यात त्या," भावजी म्हणाले, आणि दोघं हसले. बॅटरी बदलली.

मी त्यानंतर बघत राहायचं ठरवलं. ज्याला भीती वाटते तो माणूस बघतो. ज्यांना वाटत नाही ते सांगत सुटतात.

काही दिवसांतच मुंग्या दिसल्या. गाडीत पुढच्या सीटसमोर, डाव्या बाजूला, जिथं भावजी पाय ठेवून बसतात तिथल्या पायपुसण्यावर लाल मुंग्यांची रांग. सासूबाईंनी लगेच निकाल दिला, "पोराला गाडीत बिस्किटं चारतीस. येणारच की मुंग्या." स्वरूप मागं बसतो. बिस्किटाचा चुरा पुढं चालत जात नाही. मी पायपुसणं उचललं. खालचा गालिचा ओला होता. पाऊस चार महिन्यांत नव्हता. मी वाकून वास घेतला, आणि मला तो वास ओळखीचा वाटला, पण नाव सुचेना. आंबूस, गोडसर, रात्रभर उघड्यावर राहिलेल्या कशाचा तरी.

नाव सुचलं ते स्वयंपाकघरात. मी ओल्या खोबऱ्याची चटणी वाटत होते. त्या क्षणी मला आठवलं की संकेश्वरला वायपर बिघडला तेव्हा डब्यात हीच चटणी होती. दवाखान्यातनं रडून दमलेल्या स्वरूपनं घरी येऊन भाताला लावून खाल्ली तीही हीच चटणी. आमच्याकडे ओला नारळ एरवी फुटत नाही. तो फुटतो अमावास्येला, गाडीसमोर.

आता हे सांगायला हवं. वाहनाची अमावास्येला पूजा सगळेच करतात. गाडी धुतात, लिंबू ठेवतात, नारळ उतरून फोडतात. आमच्या भावजींचं त्यापुढं एक जास्तीचं आहे. नारळ दगडावर फोडायचा आणि आतलं पाणी जमिनीवर सांडू न देता काचेच्या मुळाशी, जिथं बॉनेट संपतं तिथं ओतायचं. याला ते "पाजणं" म्हणतात. ट्रॅक्टरला पाजलेलं त्यांना लाभलं होतं म्हणे. ट्रॅक्टर बारा महिने उघड्यावर भिजतो, त्याला नारळाचं पाणी काय आणि गटारीचं काय! पण गाडीला तिथं काळी जाळी असते. त्या जाळीत भावजी झेंडूही खोचतात, अक्षताही टाकतात, कुंकवाचं बोटही पुसतात. पाणी बाहेर जायची वाट दसऱ्यापासनं अशी बुजत गेली. मग ते आत गेलं.

मी स्वयंपाक तसाच टाकून मोबाईलचा टॉर्च लावून गाडीत पालथी पडले. डावीकडं पाय ठेवायच्या जागेच्या वर एक प्लॅस्टिकचं झाकण आहे. ते ढिलं करून आत बघितलं. फ्यूजांचा डबा. त्याच्या शेजारी तारांची जुडगी जिथं घुसतात तिथं हिरवं, पिठासारखं काहीतरी चढलेलं. तांब्यावर खारट-गोड पाणी सुकत राहिलं की काय होतं हे सांगायला बीएस्सी लागत नाही. पण मी बीएस्सी आहे, आणि एवढ्या दिवसांत त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला.

संध्याकाळी आदर्शला मोबाईलवर काढलेला त्याचा फोटो दाखवला. खोलीत आम्ही दोघंच असलो की मी त्याला अरेतुरे करते.

"बघितलंस? दर महिन्याला तुझा अण्णा यात पाणी ओततो."

तो फोटो मोठा करून बघत राहिला. मग म्हणाला, "तू म्हणतेस ते पटतंय."

"मग सांग त्यांना."

"अण्णाला? मी?"

"का? तुझी गाडी आहे. तुझं पोरगं आहे."

"घरात उगीच वाद कशाला. हळूहळू सांगू."

हळूहळू! स्वरूप बंद गाडीत हळूहळू किती वेळ राहील, हे त्याला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, कारण तो रागावला असता आणि मग त्याची समजूत काढण्यात ती संध्याकाळ गेली असती.

शेवटी मीच रविवारी नागोजीला बोलावलं. सगळे अंगणात. मी झाकण दाखवलं. नागोजी अंग चोरत पाय बाहेर ठेवून आत शिरला, पक्कड चालवली आणि डब्यावरचं कव्हर काढून बाहेर दिलं. त्यात सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. तांदळाचे दाणे. नारळाच्या शेंडीचे केस. आणि सगळ्यावर कुंकवाचा लाल ओघळ.

मला वाटलं, आता बोलायचीही गरज नाही.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. भरमूभावजी एक पाऊल मागं सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "करणी."

"काय?"

"बघ की! कुक्कू, तांदूळ, नारळाची शेंडी. गाडीच्या पोटात नेऊन ठेवल्यात. आदर्शा, कोण बसलं होतं रं पुढं?"

"भावजी, पुढं तुम्हीच बसता," मी म्हटलं. "आणि हे तुम्हीच ठेवलंय. वरनं ओतता ते खाली येतंय."

"मी? मी देवाचं करतोय."

"तेच देवाचं खाली येतंय."

"आदर्शा, हिला सांग. ही काय बोलतीया ह्याचा हिला पत्ता न्हाय."

आदर्श चपलेनं माती उकरत होता.

मी घरातनं तांब्याभर पाणी आणलं. "नागोजी, आतच राहा," म्हटलं, आणि काचेच्या मुळाशी, भावजी ओततात बरोबर तिथं, ओतलं. एक श्वास घेईपर्यंत काही झालं नाही. मग आतनं नागोजी ओरडला, "आयला! डोळ्यात गेलं की वो!" तो सरपटत बाहेर आला. केस ओले, तंबाखू गिळलेली.

यापेक्षा जास्त काय दाखवणार? वर ओतलं, खाली आलं.

"बघितलंसा?" भावजी सगळ्यांकडे फिरून म्हणाले. "आता तर पाणी बी गळाय लागलं! गाडी आतनं फोडल्या कुणीतरी."

सासूबाईंनी मात्र ते हिरवं चढलेलं कव्हर हातात घेतलं होतं. त्या देवघरातला तांब्या दर आठवड्याला चिंचेनं घासतात. त्यांनी त्या हिरव्यावर नख फिरवलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कळकलंय हे. तांब्यात ताक ठेवल्यागत."

"आई?" भावजी म्हणाले.

"न्हाय, मी आपली म्हणाली," असं म्हणून त्यांनी कव्हर खाली ठेवलं. थोरल्या मुलासमोर त्यांना एवढंच परवडतं.

नागोजीकडे मी शेवटचं बघितलं. त्याला कळलं होतं, त्याच्या कपाळावरनं ते अजून ओघळत होतं. पण पाणी म्हटलं असतं तर बॅटरीचं उत्तर द्यावं लागलं असतं. तो रुमालानं तोंड पुसत म्हणाला, "अण्णा म्हणत्यात त्यात बी काय तरी असंल. अशा केसी बघितल्यात मी." त्यानं पेट्रोलनं हिरवं घासून काढलं, चहा पिऊन गेला, आणि गाडी अगदी गुणानं चालायला लागली. त्याचं श्रेय त्याला.

करणी ठरली म्हटल्यावर फाल्गुनातल्या अमावास्येची तयारी मोठी झाली. एका नारळावर भागणार नव्हतं. मी आदर्शला आदल्या दिवशी सांगितलं, "ते काय ओतायचं ते ओतू देत. पण स्वरूपला त्या गाडीजवळ नेऊ नकोस. एवढं तरी करशील?"

"हो गं. मी आहे की तिथं," तो म्हणाला.

तो होता. हेही खरं.

भर दुपारची वेळ. गाडी अंगणात उन्हात, फुलांनी मढलेली. पूजेला गाडीचे दिवे लागलेले असावेत म्हणून भावजींनी किल्ली आत फिरवून ठेवलेली. सासूबाईंनी मला निरांजनाचं ताट आणायला पाठवलं. फुलवाती सापडेनात, त्या शोधल्या, तूप घातलं. अंगणात नारळ फुटल्याचे आवाज येत होते. एक, आणखी एक. ताट घेऊन दारात आले तर भावजी काचेच्या मुळाशी करवंटी उपडी करत होते, आणि मागच्या काचेत स्वरूपची टोपी दिसत होती.

"कुणी बसवला त्याला?"

"दृष्ट काढायची तर मालक आत पाहिजे की," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता काढतो. रडतोय व्हय तो? हसतोय बघ."

मी ताट पायरीवर ठेवलं. दारापर्यंत पोचायच्या आत खट्.

वायपर सुरू झाले. झेंडूच्या पाकळ्या काचेवर इकडनं तिकडं फिरायला लागल्या. हॉर्न एकदा वाजला आणि बंद पडला. स्वरूप त्या आवाजानं दचकला आणि रडायला लागला.

"दुसरी किल्ली कुठाय?" मी आदर्शला विचारलं.

तो खिसे चाचपायला लागला.

"कुठाय?"

"डॅशबोर्डात. हरवू नये म्हणून ठेवली होती."

म्हणजे दोन्ही किल्ल्या आत. आणि ज्याला त्या काढता येत नाहीत तोही आत. माझ्या नवऱ्यानं काहीही हरवू दिलं नव्हतं.

"घाबरू नगा," भावजी म्हणाले. "मागच्या वेळी उघडली न्हवं आपोआप? ती बाधा झगडतीया. आणि एक नारळ आणा."

"नागोजीला फोन लावतो," आदर्श म्हणाला.

"लाव, लाव. आदी नारळ."

"आत्ती, सरका," मी सासूबाईंना म्हटलं.

"काय करतीस गं?"

नारळ फोडायचा दगड पायाशीच होता, पाण्यानं चिकट झालेला. तो दोन्ही हातांत मावत होता. स्वरूप मागं उजवीकडे होता, म्हणून मी पुढची डावीकडची काच बघितली, त्याच्यापासनं सगळ्यांत लांबची. कोपऱ्यात मारला. पहिल्यांदा नुसता आवाज झाला आणि दगड हातातनं निसटता निसटता राहिला. भावजी ओरडले, "ए बाई!" दुसऱ्यांदा मारला तेव्हा सगळी काच एकदम खड्यांसारखी होऊन सीटवर सांडली. हात आत घालून खटका ओढला. मग पुढच्या दोन सीटच्या मधनं मागं झेप घेऊन स्वरूपचे पट्टे सोडवले. त्याचं अंग तापल्या तव्यासारखं होतं. त्यानं माझ्या केसांना धरलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

मी बाहेर आले. दंडाला थोडं रक्त होतं. ते कुणाला दिसलं नाही.

"नवीन गाडीची काच!" भावजी म्हणाले. "अवसेच्या दिवशी!"

आदर्श म्हणाला, "जरा थांबली असतीस तर..."

"तर काय?" मी विचारलं.

त्याच्या हातातल्या फोनमधनं नागोजी "हॅलो, हॅलो" करत होता.

सासूबाईंनी स्वरूपच्या पाठीवर हात ठेवला, तो चटका बसल्यासारखा काढून घेतला, आणि मग अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "फुटू दे. पोरावरचं होतं ते काचेवर गेलं."

झालं. त्यांनी मला वाचवायला म्हटलं असेल किंवा थोरल्याला. पण भावजींनी ते वाक्य झेललं. दुसऱ्या दिवशी पाडव्याला भावकीत सगळीकडे हेच. भरमूनं अशी काही पूजा बांधली, की बाधेला काच फोडून निघावं लागलं. काच कुणी फोडली हे त्या गोष्टीतनं गळून गेलं. काच यायला वेळ लागला. तोवर गाडी गोठ्याशेजारच्या छपरात ताडपत्रीखाली होती. कुणी तिला पाजलं नाही, ती आतनं खडखडीत वाळली आणि काच बसल्यावर नीट चालायला लागली. भावजी येईल त्याला बोट दाखवून सांगायचे, "हाय का आता काय? खट् न्हाय का खुट् न्हाय." नागोजीसुद्धा मान हलवायचा.

मी कुणाला काही समजावलं नाही. डोळ्यात पाणी पडूनही ज्याला पाणी दिसत नाही त्याला आणखी काय दाखवायचं?

पुढच्या अमावास्येला सकाळी मी स्वरूपला आंघोळ घालून, डबा भरून बाहेर आले तेव्हा भावजी नारळाची शेंडी सोलत होते. गाडी धुऊन उभी केलेली. मी मागचं दार उघडून स्वरूपला खुर्चीत बसवलं, पट्टे लावले, आणि चालकाच्या दाराशी आले. लायसन्स माझ्याकडे लग्नाआधीपासनं आहे, निपाणीत काढलेलं. या घरात ते विचारायची कुणाला वेळ आली नव्हती.

"कुठं?" भावजी उठून उभे राहिले.

"निपाणीला. आईकडं."

"आज? अवसेला? आणि पूजा?"

"संध्याकाळी येते. गाडी उद्या घ्या, काय करायचं ते करा. उद्या अमावास्या नाही."

"आदर्शा!" भावजींनी हाक मारली. "ही बाई आज गाडी घिऊन चालल्या. दर अवसेला हेच करणार व्हय?"

"दर अमावास्येला," मी म्हटलं.

आदर्श दारातनं आला. त्यानं आपल्या भावाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला येऊन हात पुढं केला. किल्लीसाठी.

"अहो, मागं बसा," मी म्हटलं. "पोराजवळ. आणि दुसरी किल्ली खिशात ठेवा."

तो बसला. अंगणात भावजी सोललेला नारळ हातात धरून उभे होते, आणि सासूबाई त्यांना सांगत होत्या, की सरक बाजूला, तिला गाडी मागं घ्यायची आहे.